क्रमिक पुस्तक आणि माध्यमिक शाळेचा वर्ग : संगीतशिक्षणाच्या दोन परंपरांची चिकित्सा

प्रस्तावना

माध्यमिक शाळांमधील संगीताविषयी महाराष्ट्रात जे लेखन होते ते बहुधा एका तक्रारीपासून सुरू होते आणि त्याच तक्रारीपाशी संपते. शिक्षक नाहीत, वेळापत्रकात तासिका नाही, वाद्ये नाहीत आणि असलीच तर ती कपाटात कुलूपबंद आहेत. तक्रार खरी आहे. परंतु तिच्या आड एक अधिक अवघड प्रश्न दडून राहतो. शिक्षक नेमला गेला, आठवड्याला एक तासिका मिळाली, पेटी-तबला वर्गात आला, तर त्या पस्तीस मिनिटांत साठ मुलांना नेमके काय शिकवायचे? या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. आधी शुद्ध स्वर, मग अलंकार, मग थाट, मग एखाद्या रागाचा आरोह-अवरोह, पकड, छोटा ख्याल आणि दोन ताना. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या गरजेतून आखला हे विचारण्याची आवश्यकताही कोणाला वाटत नाही.

हा क्रम प्रामुख्याने पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या ग्रंथांतून व संस्थांतून आला. दोघांच्या कार्याचे मोल नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. प्रस्तुत निबंधात त्यांच्या ग्रंथांकडे केवळ अध्यापनाची साधने म्हणून पाहिले आहे, आणि ती तेरा ते सोळा वयाच्या, संगीत स्वतःहून न निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्गाला कितपत मानवतात याची तपासणी केली आहे.

संगीताचा ‘वर्ग’ ही कल्पना

गुरूसमोर एक किंवा दोन शिष्य बसतात, ही शिक्षणाची रीत मोडून एका खोलीत अनेकांना एकाच वेळी शिकवणे हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नवा प्रयोग होता. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली. मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती वापरून क्रमिक पुस्तके तयार केली होती, ही गोष्ट दोन विष्णूंच्या कथेत बरेचदा झाकली जाते. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईत. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये बडोद्यास भरली. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ मध्ये आणि लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले.

या सर्व संस्थांमध्ये एक समान धागा आहे. त्या संगीताच्या शाळा होत्या. तेथे येणारा विद्यार्थी, मग तो हौशी असो वा व्यवसायाच्या अपेक्षेने आलेला असो, गाणे शिकण्यासाठीच येत असे. त्याचा आवाज ऐकून त्याला घेतले जात असे, आणि न जमल्यास तो निघून जाण्यास मोकळा होता. सामान्य माध्यमिक शाळेतील इयत्ता नववीचा विद्यार्थी या अर्थाने ‘संगीताचा विद्यार्थी’ नाही. संगीताची शाळा आणि शाळेतील संगीत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी तयार झालेली पुस्तके दुसरीकडे जशीच्या तशी आणली गेली, येथेच मूळ घोटाळा झाला आहे.

भातखंड्यांचे क्रमिक पुस्तक : वर्गीकरणाचा क्रम की शिकण्याचा क्रम?

‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या ग्रंथाचे चार भाग भातखंड्यांनी मराठीत लिहिले आणि त्यांना गुरु-शिष्य संवादाचे रूप दिले. त्या संवादातील शिष्य विलक्षण जिज्ञासू आहे. तो शंका काढतो, जुन्या ग्रंथांतील विसंगतीवर बोट ठेवतो, उस्तादांच्या परस्परविरोधी मतांबद्दल विचारतो. एका वकिलाने उलटतपासणीच्या शिस्तीने लिहिलेला हा ग्रंथ आजही वाचनीय आहे. वादग्रस्त प्रश्न विद्यार्थ्यासमोर उघडे ठेवण्याची त्यातील पद्धती अध्यापनाच्या दृष्टीने त्यांच्या क्रमिक पुस्तकांपेक्षाही मोलाची आहे. दुर्दैवाने शाळांपर्यंत हा प्रश्न विचारणारा शिष्य पोहोचला नाही. पोहोचली ती उत्तरे.

‘हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तकमालिका’ सहा भागांत आहे. जयपूर, रामपूर अशा ठिकाणच्या घराणेदार गायकांकडून मिळवलेल्या चिजा स्वरलिपीत बांधून त्यांनी सर्वांना उपलब्ध करून दिल्या. जी विद्या पेटीत बंद होती ती छापील पानावर आणली. तथापि या मालिकेची मांडणी पाहिली असता तिचे मूळ तत्त्व अध्यापनाचे नसून वर्गीकरणाचे आहे, हे लवकरच ध्यानात येते. बिलावल हा शुद्ध स्वरांचा थाट मानायचा आणि इतर थाट त्यातील स्वर कोमल-तीव्र करून मिळवायचे, अशी दहा थाटांची व्यवस्था त्यांनी लावली. दुसऱ्या भागात याच दहा थाटांना धरून यमन, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी असे दहा राग येतात. ग्रंथालयात पुस्तके लावताना ज्याप्रमाणे प्रत्येक विषयाला एक फळी दिली जाते, तसाच हा प्रकार आहे.

अभ्यासकाला ही व्यवस्था उपयोगी आहे, परंतु शिकणाऱ्याला ती तितकी उपयोगी नाही. मारवा आणि तोडी हे राग गाणाऱ्याच्या दृष्टीने खमाज किंवा काफी यांच्या पंक्तीत बसत नाहीत. कोमल रिषभ घेऊन षड्ज शक्यतो टाळत जाणारा मारवा सुरात लावणे हे काम मुरलेल्या गायकालाही जपून करावे लागते. दहा थाटांपैकी एक म्हणून तो यादीत आला, इतक्याच कारणाने तो नवशिक्याच्या वाट्याला आला. उलट, मराठी घरातील मुलाच्या कानावर लहानपणापासून जे स्वर पडलेले असतात ते शुद्ध स्वरसप्तकातले असतातच असे नाही. आरतीच्या चाली, भैरवीतले अभंग, काफीच्या वळणाची लोकगीते, चित्रपटातील गाणी हे सारे त्याच्या कानात आधीपासून वस्तीला आहे. त्याच्या दृष्टीने कोमल गंधार ही शुद्ध गंधाराची ‘विकृती’ नाही. तो एका ओळखीच्या गाण्यातला ओळखीचा स्वर आहे. तेथून सुरुवात करण्याऐवजी पुस्तक त्याला आधी शुद्ध-विकृत ही परिभाषा देते आणि मग त्याच्याच कानातला स्वर अपरिचित करून परत देते.

लक्षणगीतांच्या बाबतीतही असाच विचार करावा लागतो. रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय ही माहिती गीताच्या शब्दांतच गुंफण्याची ही युक्ती चतुर आहे. ‘चतुर’ हे भातखंड्यांचे टोपणनाव येथे शोभून दिसते. पाठांतराला ती फार सोयीची आहे. पण असे गीत गाणारा विद्यार्थी रागाविषयी गात असतो, राग गातोच असे नाही. त्यात शब्द ब्रज-हिंदीचे. साताऱ्याच्या किंवा परभणीच्या नववीतील मुलाला त्यातील व्याख्या आधी मराठीत समजावून सांगावी लागते, मग ती पाठ करून घ्यावी लागते, आणि एवढे झाल्यावर तासिका संपते.

पलुस्करांची वाट : शब्दांचे शुद्धीकरण

पलुस्करांची प्रकृती वेगळी. ते मुळात गायक, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तयार झालेले आणि संस्था उभारण्याची जबरदस्त ऊर्मी असलेले. ‘संगीत बालप्रकाश’, ‘रागप्रवेश’ यांसारख्या त्यांच्या छोट्या पुस्तिकांमध्ये शास्त्रचर्चा कमी आणि गाणे अधिक आहे. शिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी स्वतंत्र उपदेशक वर्ग चालवला. आजच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनीही ज्याचा पुरेसा विचार केलेला नाही, तो प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला होता. विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर हे त्यांचे शिष्य पुढे स्वतः अध्यापक आणि संस्थाचालक झाले. विनायकबुवांची ‘राग-विज्ञान’ ही मालिका तर महाराष्ट्रातील कित्येक संगीतवर्गांचे पाठ्यपुस्तकच बनली.

पलुस्करांनी बंदिशींतील शृंगारिक शब्द काढून त्या जागी भक्तिपर पदे बसवली. या निर्णयाचे दोन्ही परिणाम नोंदवले पाहिजेत. त्याने मध्यमवर्गीय घरांतील मुलींना संगीताचे दार उघडले, हा लाभ लहान नव्हे. आजही सासू-नणंदेच्या धाकाने पैंजण लपवणाऱ्या नायिकेची बंदिश पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या मिश्र वर्गात शिकवताना शिक्षकाची जी तारांबळ उडते, ती पाहता पलुस्करांची अडचण काल्पनिक नव्हती असेच म्हणावे लागते. दुसरीकडे, शब्द बदलले की स्वरांचा लगाव बदलतो. ठुमरी-अंगाच्या रचनेत भजनाचे शब्द भरले की ती रचना कोठेतरी अवघडून उभी राहते. शिवाय सर्व धर्मांची मुले असलेल्या शाळेत एकाच भक्तिपरंपरेची पदे हाच संगीताचा शब्दसाठा ठरावा का, हा प्रश्न उरतोच.

बारकाईने पाहता लक्षणगीत आणि भजन हे दोन्ही एकाच अडचणीवरचे उपाय आहेत. रागसंगीताचे शब्द शाळेत कसे न्यायचे, ही ती अडचण. भातखंड्यांनी शब्दांना शास्त्र दिले, पलुस्करांनी भक्ती दिली. मुलांच्या स्वतःच्या भाषेकडे मात्र दोघांच्याही पद्धतीने पाठच फिरवली. या दोघांची मातृभाषा मराठी होती, ही बाब लक्षात घेतली की हे अधिकच जाणवते.

जानकी बखले यांच्या ‘टू मेन अँड म्युझिक’ (२००५) या ग्रंथाने या दोघांच्या कार्याची राष्ट्रवाद, धर्म आणि मुस्लिम उस्तादांचे झालेले विस्थापन या अंगांनी तपासणी केली. ती तपासणी आवश्यक होती आणि तिच्यामुळे पूजनाच्या भाषेला आळा बसला. परंतु त्यानंतरची चर्चा जवळजवळ सगळीच राष्ट्र आणि घराणे यांच्याभोवती फिरत राहिली. त्या पुस्तकांसमोर प्रत्यक्ष बसलेल्या मुलाचे काय झाले हा विषय समर्थकांनी मांडला नाही आणि टीकाकारांनीही मांडला नाही.

दोन स्वरलिपी, एक बिंदू

स्वरलेखनाच्या बाबतीतील विसंवाद थोडक्यात सांगण्याजोगा आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू तार सप्तक दाखवतो आणि मंद्र सप्तकासाठी बिंदू खाली येतो. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरील बिंदू मंद्र सप्तक दाखवतो आणि तारासाठी उभी रेघ असते. कोमल स्वरासाठी एकीकडे खाली आडवी रेघ, तर दुसरीकडे हलन्तासारखे चिन्ह. समेची खूण भातखंड्यांकडे फुलीची, पलुस्करांकडे एकचा आकडा, आणि अधिकाची खूण पलुस्करांकडे खालीची. शाळा बदललेल्या मुलाला एकाच बिंदूचा अर्थ दोन सप्तकांच्या अंतराने बदललेला दिसतो. यात कोणाची पद्धती श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. पलुस्करांची मात्राचिन्हे अधिक सूक्ष्म आणि भातखंड्यांची लिपी लिहायला-छापायला अधिक सुलभ, म्हणून दुसरी टिकली. खरा प्रश्न असा की आठवड्याला एक तासिका असलेल्या वर्गात स्वरलिपी शिकवायची तरी कशासाठी? जी व्यक्ती पानावरून गाणे उचलणार नाही तिला लिपी शिकवणे म्हणजे जो कधी पत्र लिहिणार नाही त्याला टपालाच्या दरांचा तक्ता पाठ करायला लावणे होय. लेखी परीक्षेत प्रश्न विचारता येतो, हेच बहुधा लिपी अभ्यासक्रमात टिकण्याचे खरे कारण असावे.

बदलत्या आवाजाचा प्रश्न

माध्यमिक वर्गाच्या संदर्भात या दोन्ही परंपरांमधील सर्वांत गंभीर उणीव आवाजाविषयीची आहे. आठवी ते दहावी हे नेमके मुलग्यांचा आवाज फुटण्याचे वय. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि साधारण बारा ते पंधरा या वयात आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींच्या आवाजातही बदल होतो, पण तो दोन-तीन स्वरांचा. हा बदल एका रात्रीत होत नाही. मधल्या काळात गळ्याचा पल्ला आकसतो, वरचे स्वर जातात आणि खालचे अजून आलेले नसतात. काही महिने तर चार-पाच स्वरांपलीकडे गळा जात नाही. अमेरिकेत जॉन कुकसी यांनी १९७० च्या दशकात या स्थित्यंतराचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यातील मुलाला झेपेल अशा स्वरमर्यादेत समूहगान बसवण्याचा मार्ग सुचवला. भारतीय संगीताच्या शालेय पुस्तकांत मात्र या विषयावर एक ओळही सापडणे कठीण आहे.

याचा वर्गातील परिणाम ठरलेला आहे. शिक्षक पेटीवर एक पट्टी धरतो. ती मुलींच्या सोयीची काळी चार असेल तर आवाज फुटत असलेला मुलगा वरच्या मध्यमापाशी अडकतो, आणि खालच्या सप्तकात गेला तर मंद्रात त्याचा आवाज ऐकूच येत नाही. पट्टी काळी एक धरली तर आवाज पूर्ण बदललेली मुले सुखाने खालच्या सप्तकात गातात, मुली वरच्या सप्तकात गातात, पण अधल्यामधल्या आवाजाची मुले तरीही दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहतात. असा मुलगा बेसूर ठरतो. त्याला ‘तू नुसता उभा राहा, ओठ हलव’ असे सांगितले जाते. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मागच्या रांगेत ओठ हलवणाऱ्या मुलांची संख्या मोजली तर शालेय संगीतशिक्षणाचे खरे मूल्यमापन होईल. बेसूर असल्याचा शिक्का जन्मभर पुरतो. ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ असे सहजपणे सांगणाऱ्या कितीतरी सुशिक्षित पुरुषांची ही समजूत याच वयातली असण्याची शक्यता मोठी आहे.

घराण्याच्या तालमीत या वयाची काळजी घेण्याची रीत होती. आवाज फुटत असताना गुरू शिष्याला ताणून गाऊ देत नसे. त्या काळात ऐकणे, ठेका धरणे, तंबोऱ्यावर बसणे यांवर भर देत असे. एका शिष्याकडे पाहणाऱ्या गुरूला जे दिसत होते ते वर्गाच्या पुस्तकातून गळून पडले, कारण पुस्तक सर्व गळे सारखे धरून चालते. वर्गाच्या पातळीवर त्यावर उपाय नाहीत असे नाही. पूर्वांगप्रधान रागांतील पाच स्वरांत बसणारे टप्पे निवडणे, काहींना षड्ज-पंचमाचा भरणा देण्यास सांगणे, काहींना हाताने ताल देत बोल म्हणायला लावणे, पट्टी दर सहामाहीला नव्याने ठरवणे या गोष्टी कोणत्याही जाणत्या शिक्षकाला करता येतील. परंतु अभ्यासक्रमाच्या दृष्टीने षड्जावर स्थिर राहणारा मुलगा काहीच शिकलेला नसतो, कारण त्याला तान येत नाही.

जवळ असलेले पण न पाहिलेले नमुने

महाराष्ट्राच्या बाबतीत या उणिवेचे वैशिष्ट्य असे की तिला उत्तर देणारी रीत गावोगाव चालू आहे. वारकरी भजनात एक जण चाल धरतो आणि बाकीचे मागे म्हणतात. ज्याला गळा आहे तो पुढे येतो, ज्याला नाही तो टाळ धरतो. टाळ धरणारा दुय्यम समजला जात नाही. पखवाजाच्या ठेक्याशी टाळांचा मेळ चुकला तर सारे भजन विस्कळित होते, हे त्यालाही ठाऊक असते आणि इतरांनाही. आजोबा, वडील आणि आवाज फुटलेला नातू एकाच रांगेत उभे राहून गातात आणि प्रत्येक जण आपापल्या सप्तकात गातो. संगीतशिक्षणाच्या परिभाषेत ज्याला मिश्र क्षमतांचा वर्ग म्हणतात तो येथे कोणत्याही परिभाषेवाचून चालतो. पलुस्करांनी भजनाचे शब्द घेतले, पण भजनाची ही समूहरचना घेतली नाही. भजन त्यांच्या व्यासपीठावर गेले आणि श्रोते सतरंजीवर बसले.

दुसरा नमुना मराठीच्या तासाचा आहे. ओवी आणि अभंग चालीवर म्हणून दाखवणारा भाषाशिक्षक हाच अनेक शाळांतील एकमेव संगीतशिक्षक असतो, भले त्याला तसे कोणी म्हणो न म्हणो. वृत्ते शिकवताना लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मात्रा मुले मोजतातच. भुजंगप्रयाताच्या चरणात चार ‘य’ गण येतात. प्रत्येक गण पाच मात्रांचा, म्हणजे चरण वीस मात्रांचा. तो झपतालाच्या दोन आवर्तनांत बसतो. मात्र झपतालाचे खंड दोन-तीन असे पडतात आणि ‘य’ गण एक-दोन-दोन असा पडतो. टाळी आणि अक्षराचा भार एका जागी येत नाहीत, ही ओढाताण मुलांना हाताने टाळी देऊन अनुभवता येते. लयीविषयी एवढे शिकण्यासाठी राग लागत नाही आणि स्वरलिपीही लागत नाही. पण संगीताचा शिक्षक आणि मराठीचा शिक्षक यांच्या तासिका वेळापत्रकात शेजारी असल्या तरी विचारात फार दूर असतात.

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा कोटी मानल्या आणि प्रत्येक कोटीचे निकष निराळे असतात हे आग्रहाने मांडले. शालेय अभ्यासक्रमाला त्यांच्या या विवेचनाचा स्पर्श झालेला नाही. तेथे कलासंगीत हेच संगीत, बाकी सारे त्याकडे जाण्याची पायरी किंवा त्यापासूनची घसरण. लावणी, पोवाडा, भारूड हे स्नेहसंमेलनात येतात, तासिकेत येत नाहीत. परिणामी जे मुलांना येते ते शाळेत मोजले जात नाही आणि जे मोजले जाते ते बहुतेकांना येत नाही.

धोरणे, परीक्षा आणि गुण

धोरणांच्या पातळीवर संगीत कधीच नाकारले गेलेले नाही. १९३७ च्या वर्धा योजनेनंतर झाकिर हुसेन समितीने आखलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या अभ्यासक्रमात संगीताला स्थान होते. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) माध्यमिक स्तरावरील ऐच्छिक विषयांच्या सात गटांत ललित कलांचा गट ठेवला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण आवश्यक विषय म्हणून असावे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांमधील भिंत काढण्याची भाषा केली, आणि २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या आराखड्यात कलाशिक्षण हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र आहे. कागदावर पाऊणशेहून अधिक वर्षे सातत्य आहे. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) सहावी ते आठवीच्या वर्गांना, पटसंख्या शंभरावर असल्यास, कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली, पण तो कायदा आठवीपाशी थांबतो. आवाज बदलण्याच्या ऐन काळात, नववी-दहावीत, विद्यार्थी त्या तरतुदीच्याही बाहेर पडतो. ‘कला’ म्हणजे चित्रकला हे समीकरण तर आपल्या शाळांत इतके पक्के आहे की कलाशिक्षक म्हटल्यावर रंगपेटीच डोळ्यांसमोर येते.

ही पोकळी खाजगी वर्गांनी आणि परीक्षांनी भरली. पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी संगीताच्या शिक्षणाला देशभर एक सारखेपणा दिला. लहान गावातील विद्यार्थ्यालाही आपली पायरी कोणती हे कळू लागले. या परीक्षा ज्या कामासाठी आहेत ते काम त्या करतात. पण त्या एकट्या गायकाच्या परीक्षा आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांसारख्या कलांमध्ये प्रावीण्य मिळवलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा संगीताला प्रतिष्ठा मिळाल्याचे समाधान व्यक्त झाले. ते समाधान तपासून पाहण्यासारखे आहे. ज्या मुलाच्या पालकांना शाळेबाहेरच्या वर्गाचे शुल्क परवडते त्याला त्या वर्गाबद्दल शाळेच्या परीक्षेत गुण मिळतात. शाळेने त्यात काहीही शिकवलेले नसते. शाळेचे काम प्रस्ताव मंडळाकडे वेळेत पाठवणे एवढेच. ज्या तालुक्यात असा वर्गच नाही तेथील मुलगी कितीही सुरेल असली तरी तिच्याजवळ प्रमाणपत्र नसते. अशा रीतीने संगीत शाळेत आले ते गुणपत्रिकेच्या दाराने, आणि वर्गाचे दार होते तसेच बंद राहिले.

गुणांच्या या व्यवहारामुळे अध्यापनही आकसते. परीक्षेच्या तयारीचा वर्ग हा दोन-तीन राग, त्यांची ठरलेली बंदिश आणि लिहून दिलेल्या ताना यांभोवती फिरतो. ताना पाठ केल्या जातात. वास्तविक तान हे रागाच्या चौकटीतील तत्काळ रचनेचे उदाहरण, पण ती वहीत लिहून घेऊन गणिताच्या सूत्राप्रमाणे घोकली जाते. भातखंड्यांच्या संवादातील प्रश्न विचारणारा शिष्य येथे पुन्हा एकदा हरवतो. ‘या रागात पंचम वर्ज्य का?’ या प्रश्नाला ‘कारण तसे पुस्तकात आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. खरे तर हा प्रश्न पेटीवर पंचम घालून आणि काढून, दोन्ही ऐकवून, चार मिनिटांत वर्गासमोर उभा करता येतो. अशा ऐकवण्याला तयार गळा लागत नाही आणि साठही मुलांना त्यात सारखाच भाग घेता येतो. मुले चुकीचे उत्तर देतील तेही ऐकण्यासारखे असेल.

ऐकण्याचे शिक्षण हा भाग दोन्ही परंपरांमध्ये जवळजवळ रिकामा आहे आणि त्यालाही ऐतिहासिक कारण आहे. ही पुस्तके लिहिली गेली त्या काळात शिक्षकाने स्वतः गाऊन दाखवणे हाच वर्गात गाणे ऐकवण्याचा व्यवहार्य मार्ग होता. आज कोणत्याही खेड्यातील शिक्षकाच्या खिशातील भ्रमणध्वनीवर केसरबाई केरकरांपासून विठ्ठल उमपांपर्यंत सारे उपलब्ध आहे. तरीही संगीताच्या तासिकेत ‘ऐका’ ही सूचना ‘गप्प बसा’ या अर्थानेच दिली जाते. पस्तीस मिनिटे साठ मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिनिट येते. गाऊन घेण्यासाठी ते पुरेसे नाही. ऐकण्यासाठी, टाळी देण्यासाठी आणि मागे म्हणण्यासाठी मात्र प्रत्येकाला पूर्ण पस्तीस मिनिटे मिळतात. क्रमिक पुस्तकाचा सातवा भाग कोणाला लिहावयाचा असेल तर त्याने पहिल्या पानावर थाटांचा तक्ता न देता मागच्या रांगेतील त्या ओठ हलवणाऱ्या मुलाच्या हाती टाळ कसा द्यावा, येथून प्रारंभ केला पाहिजे.